टेलिपथी शोधायला निघालेल्या डॉक्टरला मेंदूची लय सापडली, पण त्याची गोष्ट जगाने अर्धीच लक्षात ठेवली

परीक्षा जवळ आल्या की इन्स्टावर एक ठरलेली रील फिरायला लागते. हेडफोन लावा, थीटा वेव्हवालं म्युझिक तासभर ऐका, वाचलेलं सगळं डोक्यात फिट्ट बसेल. खाली कमेंटमध्ये दहावी-बारावीची पोरं एकमेकांना टॅग करत असतात.

ते ऐकून मार्क वाढतात का, हे पुढे बघूच. पण अल्फा, बीटा, थीटा ही नावं आली कुठून आणि मेंदू लयीत चालतो हे पहिल्यांदा कुणी दाखवलं, ही गोष्ट त्या रीलपेक्षा कितीतरी भारी आहे. आणि पुढे जाऊन ती अंगावरही येते.

त्या माणसाचं नाव हान्स बर्गर. खायचा बर्गर आठवला असेल तरी हरकत नाही, निदान नाव लक्षात राहील. दवाखान्यात डोक्याला वायरी चिकटवून जी ईईजी नावाची टेस्ट करतात, ती माणसावर पहिल्यांदा केली ती यांनीच.

जर्मनीत कोबुर्ग नावाचं शहर आहे. त्याला लागून असलेल्या नॉयझेस गावात २१ मे १८७३ ला हान्सचा जन्म झाला. वडील कोबुर्गच्या हॉस्पिटलमध्ये मोठे डॉक्टर. आईकडून मात्र वेगळाच वारसा आला होता. आईचे वडील म्हणजे फ्रीडरिश रुकर्ट, जर्मनीतले नावाजलेले कवी आणि पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक. या आजोबांना संस्कृत येत होतं. महाभारतातली नल-दमयंतीची कथा त्यांनी १८२८ मध्ये जर्मन कवितेत आणली होती.

हान्सच्या जन्माआधी ७ वर्षं आजोबा गेले, त्यामुळे दोघांची भेट कधी झालीच नाही. पण नल-दमयंतीच्या कथेत एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनापर्यंत कोण पोचवतं? हंस. आणि या हान्सला आयुष्यभर पडलेला प्रश्नही तोच होता. निव्वळ योगायोग आहे, पण मराठी माणसाला त्यातली गंमत लगेच कळेल.

हान्सला आधी डॉक्टर वगैरे व्हायचंच नव्हतं. त्याला ग्रहताऱ्यांचं वेड. १८९२ मध्ये तो बर्लिनला खगोलशास्त्र शिकायला गेला, पण तिथे मन रमलं नाही. एक सत्र झालं आणि पठ्ठ्या वर्षभरासाठी लष्करात भरती झाला.

१८९३ चं साल. वुर्झबुर्गला लष्करी सराव चालू होता. घोड्यांच्या जोरावर जड तोफा ओढल्या जात होत्या. हान्सचा घोडा अचानक उधळला, दोन पायांवर उभा राहिला आणि हान्स खाली फेकला गेला तो थेट येणाऱ्या तोफेच्या चाकासमोर. तोफगाडी अगदी शेवटच्या क्षणी थांबली. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण आपण मेलोच, हे त्या एका क्षणात त्याला वाटून गेलं होतं.

खरी गोष्ट संध्याकाळी घडली. घरून तार आली. वडिलांनी विचारलं होतं, तू ठीक आहेस ना? वडिलांनी त्याला अशी तार याआधी कधीच केली नव्हती. त्या दिवशी कोबुर्गमध्ये त्याच्या थोरल्या बहिणीला एकाएकी खात्रीच वाटायला लागली होती की हान्सला काहीतरी झालंय. तिने वडिलांच्या मागे लागून तार करायला लावली.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? हा किस्सा लग्नाकार्यात, गावच्या जत्रेत चार वेळा सांगितला असता आणि विषय संपवला असता. हान्सने मात्र ते मनावर घेतलं. मरणाच्या भीतीने आपल्या मेंदूतून काहीतरी बाहेर पडलं असणार आणि ते बहिणीच्या मेंदूने पकडलं असणार, असं त्याच्या डोक्यात बसलं. आणि ते काहीतरी म्हणजे एक प्रकारची ऊर्जा असेल, तर ती मोजता यायला हवी.

ग्रहतारे सुटले. लष्करातलं वर्ष संपवून तो येना विद्यापीठात मेडिकलला गेला. (फोनच्या कॅमेऱ्यावर झाइस हे नाव बघितलं असेल, ती कंपनी याच येना शहरात सुरू झाली.) १८९७ मध्ये डॉक्टर होऊन तो तिथल्याच मनोरुग्णालयात ओटो बिन्सवांगर यांच्या हाताखाली लागला. काही वर्षांपूर्वी तत्त्वज्ञ नीत्शे मानसिक आजारात याच रुग्णालयात भरती होता. बर्गर यांनी पुढची ४० वर्षं इथेच काढली. १९१९ मध्ये ते रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९२७-२८ मध्ये विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू.

सहकाऱ्यांना ते कसे दिसायचे? वेळेचे पक्के, शिस्तीचे, कमी बोलणारे. दिवसभर रुग्ण, लेक्चर, फाइली. हा माणूस काही जग हलवणारा शोध लावेल असं कुणालाच वाटत नव्हतं. संध्याकाळी मात्र ते आपल्या छोट्या प्रयोगशाळेत जायचे. तिथे काय चाललंय हे फार थोड्यांना माहीत असायचं.

पहिली २०-२२ वर्षं तिथे जे चाललं होतं ते खरं तर अपयशच. मनाची ऊर्जा मोजायची कशी? त्यांचा हिशेब असा होता की अन्नातून आणि रक्तातून मेंदूला ठरावीक ऊर्जा मिळते, त्यातली काही उष्णता होते, काही वीज होते आणि जी उरते ती मनाची. म्हणून आधी त्यांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. आजारामुळे किंवा ऑपरेशनमुळे ज्यांच्या कवटीत फट राहिली होती अशा रुग्णांवर हे काम केलं. त्यातून हाती फार काही लागलं नाही. मग १९१० च्या आसपास मेंदूचं तापमान मोजून बघितलं. तेही फसलं. मग पहिलं महायुद्ध आलं, बर्गर लष्करी डॉक्टर म्हणून गेले आणि परत आले. आता उरली होती वीज.

मेंदूत वीज असते हे नवीन नव्हतं. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅटन यांनी १८७५ मध्येच सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर ती पाहिली होती. पण माणसाचं काय?

६ जुलै १९२४. येनाचे सर्जन निकोलाय गुलेके एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्याचं ऑपरेशन करत होते. मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. बर्गर यांनी त्याच्या मेंदूपाशी इलेक्ट्रोड ठेवले आणि ते गॅल्व्हानोमीटरला जोडले. हे यंत्र मुळात हृदयाचा आलेख काढण्यासाठी बनवलेलं. त्याची तार थरथरायला लागली. माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा कुणीतरी नोंदवत होतं.

ती किती बारीक असते याचा अंदाज घ्या. घड्याळात टाकतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. डोक्याच्या त्वचेवर मिळणारी मेंदूची वीज साधारण त्याच्या ३० हजाराव्या भागाएवढी. शेजारी हृदय धडधडतंय, पापणी लवतेय, जबड्याचे स्नायू हलतायत, आणि या सगळ्यांची वीज मेंदूच्या विजेपेक्षा मोठी. त्यामुळे आपण पाहिलं ते मेंदूचंच कशावरून, ही शंका बर्गर यांना स्वतःलाच खात होती.

म्हणून त्यांनी पुढची ५ वर्षं एक ओळही छापली नाही. हृदयाचा आलेख एकाच वेळी काढून दोन्ही जुळतात का ते तपासलं. श्वास, स्नायू, रक्ताचे ठोके, एकेक शक्यता बाद केली. प्रयोगाला माणसं कोण? रुग्ण होतेच, पण घरचेही होते. शाळेत जाणारा मुलगा क्लाऊस तर त्यांचा हक्काचा माणूस, त्याच्या एकट्याच्या डझनावारी नोंदी त्यांनी घेतल्या. नंतर मुलीला वायरी लावून गणितं सोडवायला लावली. पत्नी उर्सुला पूर्वी त्यांच्याच प्रयोगशाळेत सहायक होत्या, त्याही यातून सुटल्या नाहीत.

१९२९ मध्ये त्यांनी पहिला पेपर छापला. त्यात मुख्य गोष्ट ही होती की माणूस डोळे मिटून शांत बसला की सेकंदाला साधारण १० या वेगाने एक सुबक लय दिसते. डोळे उघडले, किंवा डोक्यात काही हिशेब सुरू झाला, की ही लय मोडते आणि बारीक, वेगवान लहरी उरतात. पुढच्या पेपरांत त्यांनी पहिलीला अल्फा म्हटलं, दुसरीला बीटा. ही नावं आजही तशीच आहेत.

इथे डोकं चक्रावतं. काम सुरू झालं की लय वाढायला हवी ना? कमी कशी होते?

आमच्या तळवलीसारख्या आगरी गावात हरिनाम सप्ताह बसला की रात्री लांबूनही टाळ ऐकू येतो. एका माणसाचा टाळ एवढ्या लांब येत नाही. पन्नास जण एकाच क्षणी वाजवतात म्हणून येतो. मेंदूच्या पेशींचंही असंच आहे. एका पेशीची वीज कवटीबाहेर कळणं शक्य नाही, लाखो पेशी एका तालात आल्या तरच कागदावर लाट उमटते. डोळे उघडले की प्रत्येक पेशीला वेगळं काम लागतं, जो तो आपापल्या वेळेला टाळ वाजवायला लागतो आणि बाहेरून ऐकू येणारा मोठा ठोका विरतो. आत काम मात्र वाढलेलं असतं.

जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी बर्गर यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मनोविकारतज्ज्ञाने विजेच्या यंत्रात कशाला पडावं, हा एक सूर. आणि मेंदूत कोट्यवधी पेशी वेगवेगळी कामं करत असताना त्यातून अशी साधी सरळ लाट निघेलच कशी, हा दुसरा. बर्गर यांना यंत्रातलं फार कळत नव्हतं हेही खरंच होतं. ते पेपर काढत राहिले. १९२९ ते १९३८ मध्ये एकाच नावाचे १४.

चित्र पालटलं १९३४ मध्ये, तेही परदेशात. केंब्रिजचे एडगर एड्रियन यांना दोन वर्षं आधीच नोबेल मिळालं होतं. त्यांना बर्गर यांच्या लहरींवर विश्वास नव्हता. ब्रायन मॅथ्यूज या सहकाऱ्याबरोबर त्यांनी प्रयोग करून पाहिला, आणि एड्रियन यांच्याच डोक्यातून ती लय अशी काही स्वच्छ उमटली की वाद संपला. हद्द म्हणजे त्यांना तशीच लय पाण्यातल्या भुंग्याच्या मेंदूतही दिसली. एड्रियन यांनी मोठ्या मनाने तिला बर्गर रिदम म्हटलं. येनाच्या एका कोपऱ्यातला डॉक्टर एकदम जगाला माहीत झाला. १९३७ मध्ये पॅरिसच्या मानसशास्त्र परिषदेत एका चर्चासत्राच्या अध्यक्षपदी एड्रियन यांच्या जोडीला बर्गर बसले.

तोवर गाडी बरीच पुढे गेली होती. अमेरिकेत बॉस्टनला १९३५ मध्ये फिट्सच्या रुग्णांवर काम झालं. काही लहान मुलं बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघत राहतात आणि परत जिथल्या तिथे येतात. त्या क्षणी त्यांच्या मेंदूत सेकंदाला ३ या वेगाने टोकदार लाटा उठतात, हे दिसलं. हा आजार आहे, अंगात येणं नाही, ढोंग नाही, हे कागदावर दाखवता आलं. फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवणारे आपल्याकडे अजून आहेत, त्यामुळे या कागदाची किंमत आपल्याला कळायला हवी. आणि डॉक्टरांनी ईईजी सांगितला की आईबाप घाबरतात, पोराला शॉक देणार म्हणून. शॉक वगैरे काही नसतो. यंत्र मेंदूतली वीज फक्त ऐकतं, आत काही सोडत नाही. आदल्या दिवशी केस धुवायचे, तेल लावायचं नाही.

आपल्याकडचाही एक धागा आहे. १९५७ मध्ये मॅरियन वेंगर आणि बसू कुमार बागची हे दोन अमेरिकी विद्यापीठांतले संशोधक ईईजीचं यंत्र घेऊन भारतभर फिरले आणि योग्यांच्या मेंदूच्या लहरी मोजत गेले. त्यात लोणावळ्याचं कैवल्यधाम होतं, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेलं. बर्गर यांना पहिली लहर दिसली तेच हे साल.

आता मुद्दा स्मरणशक्तीचा. बर्गर यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्याही नोंदी घेतल्या होत्या आणि त्यांच्या लहरी वेगळ्या असतात हे टिपलं होतं. अल्झायमरमध्ये मेंदूची लय मंदावते, हे आज सगळ्यांना माहीत आहे. पण आठवण तयार होते ती जागा त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती खूप आत आहे. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या खोल घडीत, समुद्रघोड्यासारखा दिसणारा एक भाग, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत त्याचा आवाज नीट पोचत नाही.

या भागाचं महत्त्व कळलं ते एका अमेरिकी तरुणामुळे. हेन्री मोलेसन. त्यालाही फिट्स यायच्या, आणि त्या काही केल्या थांबत नव्हत्या. १९५३ मध्ये ऑपरेशन करून त्याच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्या दिवसानंतरची नवी आठवण त्याच्याकडे जवळपास टिकलीच नाही. रोज भेटणारी माणसंही त्याला नवी वाटायची. २००८ मध्ये तो वारला तोपर्यंत हे असंच चाललं.

उंदीर, ससे यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आत वायर घालून ऐकलं तर एक संथ, दमदार लय मिळते. तीच थीटा. हे नाव ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये माणसांच्या नोंदींवरून दिलं, सेकंदाला साधारण ४ ते ७ लाटा. उंदीर एका जागी बसून मिशा साफ करत असेल तर ती दबते. तो उठून जागा हुंगत फिरायला लागला की जोरात सुरू होते. १९७८ मध्ये जोनाथन विन्सन यांनी एक प्रयोग केला. उंदरांना आधी एक जागा शिकवली, मग मेंदूतला छोटा भाग निकामी करून त्यांची थीटा बंद पाडली. ज्यांची थीटा गेली, त्यांना शिकलेली जागा सापडेना.

लयीचा आणि आठवणीचा संबंध काय? ट्रान्स हार्बरची लोकल डोळ्यांसमोर आणा. घणसोलीला गाडी येते, काही सेकंद थांबते, जाते. जे त्या सेकंदांत फलाटावर असतात ते चढतात आणि एकत्र जातात. दोन मिनिटं आधी आलेल्याला थांबावं लागतं आणि उशिरा आलेला राहतो. थीटाची एक लाट म्हणजे अशी एक गाडी, साधारण सेकंदाचा सहावा भाग. त्या लाटेच्या योग्य टप्प्यावर ज्या पेशी एकत्र पेटतात त्यांची गाठ घट्ट बसते. अवेळी पेटलेल्यांची नाही. हे माणसातही तपासलं गेलंय. २०१० मध्ये काही फिट्सच्या रुग्णांना, ज्यांच्या मेंदूत उपचारासाठी आधीच इलेक्ट्रोड घातलेले होते, चित्रं दाखवली. ज्या चित्राच्या वेळी पेशी थीटाच्या तालाशी जास्त जुळून होत्या, ते चित्र नंतर जास्त पक्कं आठवलं.

दुसरा अंक झोपेत होतो. तळवलीतून ठाणे-बेलापूर रोड ओलांडून स्टेशन गाठायचा रस्ता तुम्ही दिवसा पहिल्यांदा चाललात, असं धरा. चालताना हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी ठरावीक जागांवर पेटतात. या पेशी शोधल्याबद्दल जॉन ओ'कीफ यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. रात्री गाढ झोपेत त्याच पेशी परत पेटतात, जणू रस्ता परत चालून बघतायत. उंदरांमध्ये हे १९९४ मध्ये दिसलं. त्या वेळी हिप्पोकॅम्पसमध्ये अगदी झटक्यासारख्या वेगवान लहरी उठतात आणि वरच्या मेंदूत मोठ्या संथ लाटा चाललेल्या असतात. २००९ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने उंदरांच्या झोपेत त्या वेगवान लहरी नेमक्या उठताक्षणी मोडल्या. उंदीर झोपले तेवढेच, पण शिकणं कच्चं राहिलं. उलटा प्रयोगही झालाय. २००६ मध्ये जर्मनीत झोपलेल्या विद्यार्थ्यांच्या डोक्याला बाहेरून अगदी मंद विजेचा झुला दिला, संथ लाटांच्या वेगाने. सकाळी त्यांना शब्दांच्या जोड्या जरा जास्त आठवल्या.

आता त्या रीलकडे. थीटा आणि स्मरणशक्तीचा संबंध खरा आहे, म्हणूनच ती रील खरी वाटते. पण वरच्या प्रयोगांत काय आहे ते बघा. मेंदूच्या आत वायर, किंवा झोपेची अवस्था मोजून नेमक्या वेळी दिलेली वीज. हेडफोनमधून कानात सोडलेला आवाज हिप्पोकॅम्पसची लय बदलतो आणि पाठांतर पक्कं करतो, याला भक्कम पुरावा नाही. बायनॉरल बीट्सवरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. गाणं आवडत असेल तर ऐका. पण त्यासाठी रात्री एक वाजेपर्यंत जागत असाल, तर ज्या लाटांनी आठवण पक्की होते त्यांनाच तुम्ही रजा देताय.

परत येनाला जाऊ, १९३० च्या दशकात. बर्गर यांच्या गोष्टीचा हा भाग अनेक वर्षं वेगळाच सांगितला गेला.

ती जुनी गोष्ट अशी होती. एक सज्जन, एकाकी शास्त्रज्ञ. नाझींना तो आवडत नव्हता. त्यांनी १९३८ मध्ये त्याला अचानक घरी बसवलं, प्रयोगशाळा बंद पाडली आणि त्या दुःखात तो खचत गेला. युद्धानंतर पुस्तकांनी हेच छापलं आणि एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलं. ऐकायला सोपी गोष्ट, त्यामुळे टिकलीही.

कागदपत्रं वेगळंच सांगतात. नाझी सत्तेवर आल्यावर जुलै १९३३ मध्ये एक कायदा झाला. ज्यांचे आजार आनुवंशिक आहेत असं ठरेल, त्यांची जबरदस्तीने नसबंदी करायची. कुणाची करायची हे ठरवायला खास न्यायालयं नेमली, त्यात डॉक्टर बसायचे. नाझी काळात साधारण ४ लाख लोकांची अशी नसबंदी झाल्याचा अंदाज आहे. येनामध्ये अशा न्यायालयावर बसणाऱ्यांत हान्स बर्गर होते. ते नाझी पक्षाचे सदस्य नव्हते, पण एसएस या संघटनेला पैसे देणारे पाठीराखे सदस्य होते. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचं वय ६५ होतं, म्हणजे निवृत्तीचंच वय. २००० नंतर इतिहासकारांनी येनाचे कागद तपासायला घेतले आणि २०१४ मध्ये लॉरेन्स झाइडमन आणि सहकारी न्यूरॉलॉजिस्टांनी हे सगळं एकत्र मांडलं.

त्या कायद्यात कोणकोणते आजार होते? मतिमंदत्व, स्किझोफ्रेनिया, आनुवंशिक अंधत्व, बहिरेपण. आणि आनुवंशिक फिट्स.

हे वाचून मी बराच वेळ थांबले. ज्या यंत्रामुळे फिट्सचा आजार कागदावर दिसायला लागला, ज्या रुग्णांच्या मेंदूमुळे पुढे आठवणीचा एवढा उलगडा झाला, त्याच आजाराच्या माणसांना मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवणाऱ्या व्यवस्थेत त्या यंत्राचे जनक बसले होते. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली होती असं या कागदांवरून दिसत नाही.

निवृत्तीनंतर बर्गर खचत गेले, हे मात्र खरं. हृदयाचा त्रास होता, नैराश्य होतं. नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, पण मिळालं नाही. १९४० मध्ये त्यांनी मनाविषयी एक छोटं पुस्तक काढलं. त्यात वुर्झबुर्गचा घोडा, तोफ, बहीण आणि वडिलांची तार यांची गोष्ट त्यांनी सांगितली. जवळपास ५० वर्षं उलटली होती, अल्फा लय त्यांच्या नावाने ओळखली जात होती, पण त्यांना जे हवं होतं ते त्या लयीत नव्हतं. एवढीशी वीज हवेतून कोबुर्गपर्यंत जाणार नाही हे त्यांना कळलं होतं. तरी ते मनाच्या ऊर्जेची कल्पना सोडायला तयार नव्हते.

१९४१ च्या सुरुवातीला येना विद्यापीठाचे तेव्हाचे रेक्टर आणि नाझी वंशवादाचे कट्टर पुरस्कर्ते कार्ल आस्टेल यांनी बर्गर यांना त्या न्यायालयावर परत याल का असं विचारलं. बर्गर यांनी आनंदाने तयारी दाखवली. काही आठवड्यांनी, १ जून १९४१ ला येनामध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. ते ६८ वर्षांचे होते. (नैराश्य किंवा असे विचार तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला त्रास देत असतील, तर सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र चालू असते.)

जुनी गोष्ट सांगणाऱ्यांनी ही आत्महत्या नाझींच्या छळाचा पुरावा म्हणून वापरली होती. आस्टेल यांना दिलेलं उत्तर फाइलमध्ये पडून होतं. आजही ईईजीवरचे अनेक लेख आणि व्हिडिओ घोड्यापासून सुरू होतात, १९२४ च्या ऑपरेशनवर येतात आणि १९३८ ला नाझींनी त्यांना काढलं, असं सांगून थांबतात.